माहीत असलेले दोष

2022 च्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी सव्वानऊला मी माझी जुनी गाडी सुरू केली. दहा वाजता ती बघायला एक मुलगा येणार होता. गाडी थंड असती तर पहिले चार सेकंद इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला असता. तो त्याच्या कानावर पडू नये म्हणून मी तो एकट्याने ऐकून घेतला. मग पेट्रोल पंपावर गेलो, गाडी धुतली, पाऊण लिटर ऑइल ओतलं आणि रिकामी बाटली पंपावरच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी नेली नाही. दहाला पाच कमी असताना परत येऊन गाडी झाडाखाली लावली.

हे इतकं बारकाईने लिहितोय, कारण त्यानंतर बरेच महिने मी ते असं आठवायचं टाळत होतो. मनात नोंद होती ती एवढीच, की विकायच्या आधी गाडी जरा धुवून घेतली. बाटलीची नोंद नव्हती.

गाडीची कंपनी आणि मॉडेल सांगत नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत जे व्हायचं ते तिच्यात झालं होतं. या लेखात तपासायचा आहे तो विकणारा.

मी मूळचा सांगलीकडचा. शिकायला जर्मनीत आलो, एसलिंगेनला, आणि 2016 साली पहिली नोकरी लागली ती फिल्स नदीच्या खोऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात, आल्बच्या डोंगराच्या पायथ्याशी. पाळी सकाळी सहाची, पहिली बस सहा पस्तीसची. स्टुटगार्ट इथून पाऊण तासावर. तिथल्याच कानश्टाटमध्ये गॉटलिब डाइमलरने 1886 साली घोडागाडीला इंजिन बसवलं, आणि त्या मुलखात मी तीन महिने सायकलवर अंधारात कामाला जात होतो. भारतीय परवाना इथं राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. माझे ते कधीच उलटले होते, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने दिल्या. त्यात दीड हजार युरो गेले. हातात राहिले तीन हजार दोनशे.

तीन हजार दोनशेत तीन हजार दोनशेची गाडी येत नाही, हे पहिल्या आठवड्यात कळलं. विमा कंपनीच्या लेखी मी आज जन्मलेला ड्रायव्हर. पुण्यात एवढी वर्षं चालवलेली गाडी त्यांच्या खात्यात धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षाचा हप्ताच हजाराच्या घरात. शिवाय हिवाळी टायर. शिवाय रोड टॅक्स, जो जुलै 2009 च्या आधीच्या युरो 4 पेट्रोल गाडीला दर 100 सीसीमागे 6.75 युरो आणि डिझेलला 15.44. म्हणून डिझेल पहिल्याच दिवशी बाद. स्टुटगार्टमध्ये जुन्या डिझेलवर बंदी येणार अशी कुजबुज तेव्हाच होती, आणि जानेवारी 2019 ला ती आलीही. टर्बो नको, ऑटोमॅटिक नको, साधं छोटं पेट्रोल इंजिन हवं, हा सल्ला कारखान्यातल्या प्रत्येकाने दिला. टोयोटा यारिस किंवा होंडा जाझ घे, असंही म्हणाले. पण या गाड्या टिकतात हे सगळ्या युरोपला माहीत असल्यामुळे त्यांचा भाव दहा वर्षांनीही उतरत नाही. माझ्या पैशांत आलेली एकमेव यारिस उंबऱ्याच्या पत्र्यात इतकी गंजली होती की मालकाने तिथं पाय ठेवू दिला नाही. ट्यूफचा, म्हणजे गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करणाऱ्या संस्थेचा, एक अहवालही दरवर्षी निघतो, कुठल्या गाडीत किती दोष सापडले त्याचा. त्यात कितीतरी वेळा पोर्शे 911 चं नाव वर असायचं. तीन हजारवाल्याने ते वाचून काय करायचं? जी गाडी रविवारी ऊन पडल्यावरच बाहेर काढतात ती बिघडणार कधी!

एकूण सात गाड्या पाहिल्या. त्यांतल्या चार रंगीत प्लॅस्टिकच्या पताका लावलेल्या, खडीच्या मैदानातल्या डीलरांकडे. इथं अशा डीलरांना पताकावालेच म्हणतात. डीलर असेल तर ग्राहकाला विकलेल्या गाडीतल्या दोषांची किमान वर्षभराची जबाबदारी त्याला कायद्याने घ्यावी लागते. ती टाळायला तो सांगतो, गाडी माझी नाही, एका गिऱ्हाइकाची आहे, मी नुसता मधला माणूस. एकाने इंजिन वाफेने इतकं धुतलं होतं की त्यात तोंड दिसावं. गळती कुठून होते ते कळू नये म्हणून इंजिन धुतात, हे मला नंतर समजलं. एकाने मीटरवर 89,000 किलोमीटर दाखवले, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं.

ते पेडल पाहिलं आणि मला आजोबा आठवले. खरसुंडीच्या बाजारात ते खिल्लार बैलाचा जबडा उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती, जुळलेला. मालक वय काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत, म्हणायचे. इथं पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हरच्या सीटची डावी कड हे दात. मीटर मागं फिरवणं जर्मनीत 2005 पासून गुन्हा आहे, तरी फिरवतात. शेजारच्या बेल्जियममध्ये प्रत्येक विक्रीबरोबर किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. तशी सक्ती इकडे नाही, म्हणून दात बघायचे.

आणखी एक शिकलो, सर्वांत महत्त्वाचं. गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. थंड असलं पाहिजे. रात्रभर उभ्या इंजिनातलं ऑइल खाली उतरलेलं असतं, आणि सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत इंजिन आपली सगळी दुखणी बोलून दाखवतं. साखळी सैल असेल तर खडखडते, ऑइल जळत असेल तर निळसर धूर येतो. दहा मिनिटं गाडी फिरवून आणली की यातलं बरंच गप्प होतं. एका पताकावाल्याकडे मी हात ठेवला, बॉनेट गरम. "आत्ताच हलवली, जागा करायला," तो म्हणाला. मी काही न बोलता निघालो, आणि घरी येऊन बायकोला तासभर सांगत होतो, माणसं कशी असतात.

सातवी गाडी एका निवृत्त शाळामास्तरांची होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवणं बंद केलेलं. 2007 ची गाडी, 98,000 किलोमीटर, आणि एक जाड फाइल. त्यात नऊ वर्षांची सगळी बिलं, वायपरच्या रबराचंसुद्धा. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, सकाळी लवकर या, गाडी थंड असताना बघा. जाहिरातीत 2,450 युरो लिहिले होते. मी घासाघिशीची वाक्यं जर्मनमध्ये पाठ करून गेलो होतो. त्यांनी मागच्या टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) आणि म्हणाले, हे 2009 चे आहेत, हिवाळ्याआधी बदलावे लागतील, म्हणून 2,300 द्या. माझी पाठ केलेली वाक्यं पाठच राहिली.

मग छापील करार भरायला बसलो. त्यात एक ओळ असते: माहीत असलेले दोष. मास्तरांनी चष्मा वर करून, शाळेत निकालपत्रक भरावं तशा बारीक अक्षरात लिहिलं, मागची डावी काच कधी कधी अडकते. उजव्या दाराला गॅरेजच्या खांबाची पोच, माझ्या चुकीने. दोन हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल लागतं, दर दुसऱ्या टाकीला तपासावं. एका ओळीची जागा होती, त्यांच्या तीन ओळी झाल्या. तिसरी समासात गेली.

त्या रात्री आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. तिने चाकाखाली लिंबं ठेवायला लावली. ती चिरडत मी गाडी पुढं घेतली तेव्हा वरच्या मजल्यावरची आजी खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने काळजीने विचारलं, काही सांडलं होतं का. अमेरिकेत डबड्या गाडीला लेमन म्हणतात हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. जॉर्ज एकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली याच लिंबांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी परत पाठवल्यावर चौथ्याने तो छापला, आणि 2001 च्या नोबेलमागे त्याचं हेच काम होतं. त्याचं म्हणणं आमच्या खरसुंडीच्या दलालालाही पटेल. विकणाऱ्याला गाडीचं आतलं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतभीत सरासरी भाव बोलतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही, आणि बाजार डबड्यांनी भरत जातो. मास्तर त्या सिद्धांतात बसत नाहीत. मी बसतो.

साडेपाच वर्षं गाडीने एकदाही रस्त्यात सोडलं नाही. 2021 च्या हिवाळ्यात ती सकाळी खडखडू लागली. ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेटखाली डोकं घालून ऐकलं आणि सांगितलं, टायमिंगची साखळी ताणलीय, तिला ताण देणारा भागही गेलाय. साखळी दातांवरून सरकली की वाल्व पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. कधी? तो म्हणाला, दोन वर्षं चालेल किंवा उद्या जाईल. दुरुस्तीचे चौदाशे. गाडी तेवढ्याची उरली नव्हती. ऑइलही आता आठशे किलोमीटरला लिटरभर पीत होती. मात्र ट्यूफ जून 2021 मध्ये सहज मिळाला होता. तपासणारा ब्रेक, दिवे, टायर, गंज, धुराचं प्रमाण बघतो. गाडी रस्त्यावर इतरांना धोका आहे का, इतकाच त्याचा प्रश्न. साखळी बघायला तो इंजिन उघडत नाही. नंबरप्लेटवरचं गोल स्टिकर जून 2023 दाखवत होतं, आणि ते पाहून नवख्या माणसाला वाटतं, सरकारनेच गाडीची हमी घेतलीय.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. इथं उभ्या गाडीच्या काचेच्या रबरात दर आठवड्याला कुणीतरी कार्ड खोचून जातं, तुमची गाडी आहे त्या स्थितीत घेतो. अशा कितीतरी गाड्या अँटवर्पच्या बंदरातून पश्चिम आफ्रिकेकडे जातात. एका कार्डवाल्याला फोन केला, त्याला आवाज ऐकवला, तो न बिचकता म्हणाला, साडेआठशे. ती एक वाट. दुसरी वाट पाडव्याच्या जेवणात भेटली. 2 एप्रिलला एका मराठी घरी आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. तिथं लातूरकडचा एक मुलगा होता, परिचारकाचं प्रशिक्षण घेणारा. हातात महिन्याला हजारच्या आसपास, ड्यूटी सहाची, राहायला डोंगरावरच्या गावात. त्याला गाडी हवी होती. त्या वर्षी चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळत नव्हत्या आणि जुन्यांचे भाव कडाडले होते. पताकावाल्यांनी त्याला दोनदा चांगलंच घाबरवलं होतं. मी म्हटलं, माझी काढायचीच आहे. तो म्हणाला, "दादा, तुमची असेल तर मग बघायचंच काय?"

सतराशे पन्नास ठरले. श्रीखंड वाढता वाढता.

तर तो शनिवार. मुलगा बसने आला, दहाला पाच मिनिटं असताना, वहीच्या कागदावर यादी करून. व्हिडिओ पाहून लिहिलेली असावी. यादीत पहिलंच होतं, बॉनेट. त्याने हात ठेवला आणि जरा संकोचून म्हणाला, "गरम आहे." मी म्हणालो, "हो, तुझ्यासाठी धुवून आणली ना आत्ता." तो हसला, कागदावर खूण केली. पुढचं सगळं त्याने नीट पाहिलं, टायर, काचा, ऑइलची कांडी. ऑइल काठोकाठ. "किती वर्षं वापरली?" साडेपाच. "कधी बंद पडली?" कधीच नाही. "ट्यूफ?" पुढच्या जूनपर्यंत.

त्या सकाळी मी एकही वाक्य खोटं बोललो नाही. हीच गोष्ट मी पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितली. गाडी धुतली होती हे खरं, कधी बंद पडली नव्हती हे खरं, ट्यूफ खरा. नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ निदान तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालत तरी होता. मी इतक्या तयारीने खरं बोललो की खोटं बोलायला लागली असती त्याच्या दुप्पट मेहनत पडली. खोटं बोलणाऱ्याला सकाळी उठून पंपावर जावं लागत नाही.

मग तोच छापील करार. त्यात 'पाहिली तशी घेतली' अशा अर्थाचं कलम असतं. खासगी विकणाऱ्याने ते घातलं की पुढच्या दोषांना तो बांधील नाही. मात्र जर्मन दिवाणी संहितेचं कलम 444 म्हणतं, दोष माहीत असून मुद्दाम लपवला असेल तर हे कलम विकणाऱ्याला वाचवत नाही. मला हे चांगलं माहीत होतं. मी 'माहीत असलेले दोष' या ओळीपाशी आलो. बिलांच्या फाइलमध्ये मास्तरांचा करार असायचा, त्यांच्या तीन ओळींसह. फाइल मी मुलाला देणार होतो, म्हणून तो कागद आदल्या रात्रीच काढून घेतला होता. पेन टेकवलं आणि आडवी रेघ ओढली. चांगली सरळ आली.

रेघ ओढताना मनात काय होतं, हे नीट सांगायचा प्रयत्न करतो. पैशांची नड होती असं सांगायला आवडेल, पण नव्हती. नवी गाडी आधीच दारात आली होती. साडेआठशे आणि सतराशे पन्नास यांतल्या नऊशेंचं मी काय केलं, ते आज आठवतही नाही. एक विचार असा होता, की हा पताकावाल्याकडे गेला असता तर याहून वाईट गाडी गळ्यात पडली असती. बहुधा खरं असेल. दुसरा असा, की दोन वर्षं चालेलही, मेकॅनिकच म्हणाला होता. त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी मोजणीत घेतला नाही. आणि तिसरा, जो सांगायला लाज वाटते: बघून घ्यायची जबाबदारी त्याची होती. त्याने बघितलंही होतं. बॉनेटवर हात ठेवलाच होता की. पोराने अचूक जागी बोट ठेवलं आणि मी ते हसून बाजूला केलं.

याच्याही मागे आणखी एक गोष्ट आहे, आमच्या घरातली. 1994 साली बाबांनी त्यांची स्कूटर विकली. ती भयंकर धूर सोडायची. त्यांनी गिऱ्हाईक मुद्दाम अंधार पडल्यावर बोलावलं. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक सणाला, लग्नाला, पंगत उठल्यावर सांगितली जायची, बाबांनी स्कूटर कशी 'खपवली' म्हणून. सगळे हसायचे, मी सर्वांत मोठ्याने. गाडी विकली आणि गाडी खपवली यांत काय फरक, हे लहानपणी कुणी समजावलं नाही. खपवता येणं म्हणजे हुशारी, एवढंच कळत होतं. बाबांवर ढकलायचं नाही मला. ते आयुष्यभर तलाठी कार्यालयात एक पैसा न खाता निवृत्त झाले. पण तो माणूस आणि अंधारातली ती स्कूटर एकाच घरात सुखाने नांदत होती, हे मी विसरलो होतो. माझ्यातही तसेच दोघं नांदतात. आयकर पैन् पै भरणारा एक, आणि शनिवारी सव्वानऊला उठून पंपावर जाणारा दुसरा.

ऑक्टोबरमध्ये मुलाचा फोन आला. "दादा, ऑइलचा दिवा लागतो मधूनमधून. कुठलं टाकू?" मी ऑइलची ग्रेड सांगितली, कुठल्या दुकानात स्वस्त मिळतं तेही सांगितलं. "जुन्या गाड्या जरा पितात," म्हणालो. त्याने आभार मानले. तेव्हा गाडी चालू होती. तेव्हा सांगितलं असतं तर तो रात्रीची पाळी संपवून तिच्यात बसला नसता, निदान माहिती असून बसला असता. एप्रिलपेक्षा ही ऑक्टोबरची चूक मला मोठी वाटते. एप्रिलमध्ये मी त्याला फसवलं ते पैशासाठी. ऑक्टोबरमध्ये त्यात एक छदामही मिळणार नव्हता, फक्त तोंड उघडायचं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला, बी 10 रस्त्यावर गाइसलिंगेनच्या अलीकडे साखळी सुटली. इंजिन एकदम बंद. मागून ट्रक येत होता, मुलाने गाडी कशीबशी कडेला नेली. त्याला काही झालं नाही. टोइंगचे 180 युरो गेले. पुढे एका कार्डवाल्याने गाडीचे 250 दिले.

हे मला त्यानेच सांगितलं, 15 जानेवारीला, संक्रांतीच्या कार्यक्रमात, हातावर तिळगूळ ठेवून. त्याच्या आईने लातूरहून पाठवलेला, वेलदोडा घातलेला. सांगताना तो हसत होता. म्हणाला, "मेकॅनिक म्हणत होता, आधीच्या मालकाला माहीत असणारच, हा आवाज लपत नाही. मी म्हटलं, छे, दादांना माहीत असतं तर त्यांनी सांगितलं असतं." मी तोंडात तिळगूळ टाकला आणि मान हलवली. होकार की नकार, ते त्याने आपल्या मनाने घ्यावं अशी.

पुढचे दोन महिने झोप उडाली वगैरे काही झालं नाही. झोप लागायची. फक्त सकाळी नवी गाडी सुरू करताना पहिले चार सेकंद मी नकळत कान देऊन ऐकायचो.

मार्चमध्ये, दुसऱ्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या खोलीवर गेलो. पाकिटात नऊशे युरो नेले होते. सांगितलं, की मला माहीत होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी बॉनेट..." आणि थांबला. मी हो म्हटलं. पाकीट पुढं केलं आणि नऊशेचा हिशोब समजावू लागलो, कार्डवाला किती देत होता, तू किती दिलेस, मधला फरक तो माझा अन्याय. अगदी फोड करून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझे सतराशे पन्नास गेले."

मी प्रायश्चित्तातही घासाघीस करत होतो, हे मला त्याच्या त्या वाक्याने कळलं, स्वतःहून नाही. त्याला परत मिळालेले 250 वजा करून पंधराशे दिले, उरलेले सहाशे त्याच संध्याकाळी बँकेतून पाठवले. टोइंगचे 180 त्याने मागितले नाहीत. मीही विषय काढला नाही. घरी पोहोचल्यावर ते आठवलं, आणि आठवूनही पाठवले ते पुढच्या महिन्यात. तेव्हाही हात आखडलाच.

आता तो डोंगरावरून खाली गावात राहायला आलाय आणि चालत ड्यूटीला जातो. गणपतीत भेटतो, नीट बोलतो. पूर्वी मला दादा म्हणायचा. आता सर म्हणतो.

नव्याने आलेली मराठी मुलं अजून मला विचारतात, सर्व्हिस रेकॉर्ड कसं वाचायचं, कुठली गाडी घ्यावी. 1968 पासून स्टुटगार्ट आणि मुंबई ही भगिनी शहरं आहेत, इकडे येणाऱ्यांचा ओघ वाढतोच आहे, आणि अडीच-तीन हजारांत गाडी शोधणारा कुणी ना कुणी असतोच. मी त्यांच्याबरोबर जातो. कंपनीच्या नावापेक्षा बिलांची फाइल बघा, सांगतो. सगळे पैसे गाडीत घालू नका, पाचवा हिस्सा टायर-ब्रेकसाठी मागे ठेवा. ट्यूफच्या स्टिकरवर भाळू नका. शंभर-दीडशे युरोत त्रयस्थाकडून गाडी तपासून मिळते, ते पैसे वाचवू नका. हे सगळं मला येतं आणि त्यातलं काहीही खोटं नाही. मला हे इतकं चांगलं का येतं, ते मात्र आजवर त्यांना सांगितलं नव्हतं.

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का ते विचारा. उत्तर कितीही सरळ वाटलं, आणि ते मराठीत आलं, तरी पैसे देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता, पुन्हा जा.